पोपटवाला फ्रिज

मी माणसाचं तोंड पाहत नाही, कागद पाहतो. तेहतीस वर्षं भिलाईच्या प्लांटमध्ये टाइम ऑफिसात काढली. सकाळच्या पाळीला गेटवर माणसांचा लोंढा यायचा, आणि मला टोकन नंबर पाठ असायचे, तोंडं नाही. बाजारात एखादा हसून म्हणायचा, "नरहरीभाऊ, ओळखलं काय?" मी म्हणायचो, नंबर सांग. नंबर सांगितला की त्याच्या सगळ्या गैरहजेऱ्या मला आठवायच्या. माझी बायको कलावती म्हणते, "यमाच्या दारात तुमाले बसवाले पाहिजे होतं. एक माणूस चुकून आत गेला नसता."

रिटायर झालो, सेक्टरातलं प्लांटचं क्वार्टर सोडलं, रुआबांध्याला दोन खोल्यांचं घर बांधलं. तिथे स्वस्थ बसायचं तर आमचं मंडळ मागे लागलं. विदर्भातून इकडे आलेल्या लोकांचं हे मंडळ. गणपती बसवतं, संक्रांतीला हळदीकुंकू करतं, आणि एक बरं काम करतं: दरवर्षी आपल्यातल्या दोन मुलांची कॉलेजची पहिल्या वर्षाची फी भरतं. अर्ज दहा-बारा येतात. पूर्वी कोणाच्या ओळखीचा कोण, यावर ठरायचं. एकदा दोन घरांच्या मालकानं पोराची फी उचलली, मग मोठी बोंबाबोंब झाली. तेव्हा अध्यक्ष दौलतरावांनी मला बोलावून म्हटलं, "नरहरी, तू कोणाचा नाहीस. तूच पाहा."

मी पाहिलं. फॉर्म मी बनवला. घरभेट मी सुरू केली. सात वस्तूंची यादी केली: फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन, मोटरसायकल किंवा स्कूटर, सोफा, मिक्सर, डिनर सेट. चार किंवा जास्त सापडल्या की अर्ज बाजूला. डिनर सेट वाचून कलावती खूप हसली होती. मी लक्ष दिलं नाही. नंतर कोणी "ही वस्तू नव्हतीच" म्हणू नये म्हणून वस्तूपुढे खूण लिहायची, रंग लिहायचा. यादी मोठ्यानं वाचायची आणि घरच्या कर्त्याची सही घ्यायची. भेटीआधी दोन दिवस फोन करायचा, कारण कोणाच्या घरी बिनसांगता जाऊन उभं राहणं आपल्यात बरं दिसत नाही. अकरा वर्षं असं चाललं. एकही पैसा चुकीच्या घरी गेला नाही, असं मी दरवर्षी सभेत सांगायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे.

या वर्षी एका मुलाचं नाव नक्की झालं होतं. दुसऱ्या जागेसाठी शेवटचा अर्ज उरला होता गीतांजलीचा. बाप पंजाबराव, कॅम्प-1 या मजुरांच्या वस्तीत राहतो, प्लांटमध्ये ठेकेदाराकडे मजूर. दोन वर्षांपूर्वी हातावर लोखंडी पट्टी पडली, तेव्हापासून महिन्यातले पंधरा दिवस काम. पोरीचा रायपूरला नर्सिंगला नंबर लागला होता. फी भरायची शेवटची तारीख सोमवार. सरकारी शिष्यवृत्तीसाठी ती सरकारी दाखले काढून देणाऱ्या चॉइस सेंटरवर जाऊन आली, तर तिथे जातीच्या दाखल्याला आजोबाचा इथला जुना कागद मागितला. आजोबा जन्मभर वरूडला संत्र्याच्या बागेत राखणीला. त्यांचा इथला कागद कुठून यायचा? म्हणजे मंडळ हो म्हणालं तर पोरगी रायपूरला जाणार, नाही म्हणालं तर जागा जाणार. सरळ हिशोब होता. असे हिशोब मी झोप न घालवता करत आलो होतो.

मंगळवारी चार वाजता मी स्कूटर काढली. उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटलेला. कॅम्पातल्या त्या गल्लीत समोरून सायकल आली तर आपण भिंतीला लागून उभं राहायचं. पंजाबराव दारातच होता, इस्त्रीचा शर्ट घालून. "या या भाऊसाहेब, या. घर सापडलं ना?" म्हणत हाताला धरून आत नेलं.

आत गेलो आणि पाहतच राहिलो. सोफा, त्यावर क्रोशाचे रुमाल. कूलर जोरात सुरू. कोपऱ्यात लाल फ्रिज, दारावर पोपटाचं स्टिकर. ओट्यावर मिक्सर. मी मनात मोजलं: चार. पिशवीतून फॉर्म काढायच्या आधीच अर्ज बाजूला पडला होता. मला थोडा रागच आला. एवढं सगळं असून लोक अर्ज करतात आणि माझं पेट्रोल जाळतात.

पंजाबरावची बायको वच्छला डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली. "भाऊजी, पहिल्यांदाच येऊन राहिले आमच्याकडे. असं कसं कोरडं जाऊ देईन? पोहे झालेच."

"वहिनी, मी काही खात नाही घरभेटीला."

"असं कुठं असते भाऊजी? दाण्याचे पोहे हायेत, वरून तर्रीचा रस्सा. घ्या ना."

घेतले. कलावती म्हणते तुम्ही नियमाचे पक्के, फक्त तर्री पोह्याला सोडून. समोर निळ्या किनारीची स्टीलची ताटं, वाट्या, पेले, सगळं एकसारखं. म्हणजे डिनर सेट. पाच. मी खात खात पोरीला प्रश्न विचारले. गीतांजली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. उत्तरं धड देत होती, पण आवाजात राग होता, आणि तो राग माझ्यावर नव्हता. ती सारखी आईकडे पाहत होती.

"नर्सिंगच कावून?" मी विचारलं.

"बाबांचा हात दबला तेव्हा मी अस्पतालमध्ये बारा दिवस होती, काकाजी. तिथल्या सिस्टर लोकांचं काम पाहिलं. मले तेच करायचं आहे." मग हळूच म्हणाली, "नाही झालं तर सुपेल्याच्या बाजारात, साडीच्या दुकानात. तिथं जागा आहे, बाजूची नीतू म्हणून राहिली होती."

"तसं कावून बोलतं वं?" वच्छला तिच्यावर खेकसली. "होते सगळं. भाऊजी पाहून राहिले ना घर."

तर्री तिखट होती. मी म्हटलं, जरा थंड पाणी मिळेल काय? साधा प्रश्न. पण पंजाबरावनं बायकोकडे पाहिलं, बायकोनं पोरीकडे, आणि पोरगी फ्रिजसमोरून सरळ पुढे, मागच्या दारानं बाहेर गेली. मी फ्रिजकडे पाहिलं. त्याची वायर पाठीमागे लोंबकळत होती, आणि भिंतीतला प्लग चांगला चार हात लांब होता.

दोन-तीन मिनिटांनी शेजारची पोरगी बाटली घेऊन आली. कोपऱ्यावरच्या दुकानातली, सील न तोडलेली. बावीस-तेवीस वर्षांची, अंगावर दुकानाचा गुलाबी कुर्ता. बाटली माझ्या हातात देत तिनं विचारलं, "ओळखलं का काकाजी?"

"नाही बुवा."

"राहू द्या," म्हणाली आणि गेली.

पाणी प्यायलो. पोह्यांसोबतचा चिवडा संपवून त्याची वाटी उचलली तर ती इतर वाट्यांपेक्षा लहान निघाली. सवयीनं उलटी करून पाहिली. बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं: सौ. कलावती, संक्रांत 2011. माझीच बायको! त्या वर्षी तिनं हळदीकुंकवाला वाटीचं वाण लुटलं होतं, आणि प्रत्येक वाटीवर नाव घालणाऱ्याला पैसे द्यायचे म्हणून मी भांडलो होतो. कॅम्पात बऱ्याच घरी त्या वाट्या असणार. मग मी हातातलं ताट जरा तिरपं केलं. काठावर नाव होतं: चंपत. पेल्यावर चंपत. दुसऱ्या ताटावर चंपत. पंजाबरावच्या घरात पंजाबरावच्या नावाचं एकही भांडं नव्हतं. त्या ओळीत त्यांची स्वतःची एकच वाटी होती, आणि ती माझ्या बायकोनं दिलेली.

तिथे मला कळलं. लोक गरिबी दाखवायला वस्तू लपवतात, हे मी अकरा वर्षं गृहीत धरलं होतं. एका घरात तर मी पलंगाखाली वाकूनही पाहिलं होतं. वस्तू मागून आणून दाखवणारं घर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी यादी लिहिली आणि मोठ्यानं वाचली. मुद्दाम सावकाश वाचली. "फ्रिज एक, लाल, दारावर पोपट. कूलर एक. सोफा एक. मिक्सर एक. डिनर सेट एक, निळी किनार. पंजाबराव, हे सगळं तुमचंच ना? नीट विचार करून सांगा."

पंजाबरावनं घाम पुसला. मागे वच्छला उभी होती, ताठ. गीतांजली तोंड उघडून काही बोलणार होती, तर आईनं तिचा दंड धरला.

"आपलंच हाये, भाऊसाहेब," पंजाबराव म्हणाला. "कष्टाचं हाये."

आणि डाव्या हातानं सही केली. उजवा हात त्याचा धड वळत नाही.

घरी आलो तर कलावती शेंगा निवडत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं तिला नवल वाटेल. तिनं हातातली शेंग फोडली, दाणे खाल्ले, मग म्हणाली, "तो फ्रिज धोंडबा टेलरचा. चार पोट्टे धरून नेतात, तुमी येणार त्या दिवशी. कूलर मास्तरणीचा. ताटं चंपतच्या घरची. पोरगी पाहाले कोणी येणार असन त्या घरी बी हेच सामान जाते."

"तुला माहीत होतं?"

"अख्ख्या कॅम्पाले माहीत हाये. तुमालेच नाई."

"मग सांगायचं नाही मला?"

"आता बाई! मी समजली, तुमाले माहीत हाये. तुमी एवढे बारीक पाहणारे." ती हसली नाही, हेच वाईट. "तुमी दोन दिवस आधी फोन करता. पाहुणा येऊन राहिला म्हटल्यावर बाई घर लावणार नाई काय? पाहाले येणाऱ्या माणसाले घर चांगलं दिसलं पाहिजे, एवढंच त्या बाईले समजते. मी बी तेच केलं असतं. तुमी मले पाहाले आले होते तेव्हा आमच्या घरातलं घड्याळ बी मामाचं होतं."

हे मला बेचाळीस वर्षांनी कळत होतं. 

पेटीतून रजिस्टर काढलं. अकरा वर्षांच्या घरभेटी त्यात आहेत, माझ्याच अक्षरात, तारखेवार. चष्मा लावून कॅम्प-1 ची पानं काढली. सहा वर्षांपूर्वी: फ्रिज, लाल, दारावर पोपट. नामंजूर. पाच वर्षांपूर्वी: डिनर सेट, निळी किनार, फ्रिज, लाल, पोपट. नामंजूर. चार वर्षांपूर्वी: फ्रिज, लाल, दारावर पोपट, पोपटाची चोच खरवडलेली. नामंजूर. चोच खरवडलेली, हेसुद्धा मी लिहिलं होतं! दोन वर्षांपूर्वी पुन्हा तोच. एकच फ्रिज चार घरांत मी स्वतः डोळ्यांनी पाहिला, खुणेसकट लिहिला, आणि प्रत्येक वेळी ओळखला नाही. प्लांटमध्ये एखाद्यानं चार टोकनांवर एकच माणूस दाखवला असता तर मी त्याला त्याच दिवशी पकडला असता.

चार वर्षांपूर्वीच्या पानावर नाव होतं: नीतू, वडील चंपत. नर्सिंग. ताटं तेवढी तिच्या घरची होती, बाकी सगळं मागून आणलेलं. खाली चंपतची सही, आणि सहीखाली माझा शेरा: परिस्थिती समाधानकारक.

मला लाज वाटली. उगाच आडवळणानं सांगत नाही, लाजच वाटली. जेवलो नाही. कलावतीनं दोनदा विचारलं, मग ताट झाकून ठेवलं.

आता करायचं काय? सभा रविवारी. पंजाबरावची सही घेतलेली यादी माझ्या पिशवीत. मी सभेत उभं राहून म्हणू शकत होतो की हे सामान मागून आणलेलं होतं. पण अहवाल तिथे मोठ्यानं वाचला जातो, आणि समोर बसतात तीच माणसं, ज्यांच्याकडून सामान आणलं. शिवाय सही पंजाबरावची. त्याच्या सहीविरुद्ध मी बोलायचं म्हणजे त्याला भरसभेत खोटारडा म्हणायचं. यादी गुपचूप फाडून नवी लिहावी, तर ते माझ्यानं होणार नव्हतं. तेहतीस वर्षांत मी मस्टरवर खाडाखोड केली नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायची एकच रीत मला ठाऊक आहे: पुन्हा जायचं, पुन्हा पाहायचं, पुन्हा सही घ्यायची.

गीतांजलीचं काम झालं, ते इथेच सांगून टाकतो. रविवारी सभेत तिचं नाव मंजूर झालं, सोमवारी फी भरली, आता ती रायपूरला होस्टेलमध्ये आहे आणि तिथल्या जेवणाला नावं ठेवते. ते सांगायला मी हे लिहीत नाही. शनिवारचं सांगायचं आहे.

शनिवारी सकाळी मी फोन न करता गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावली आणि चालत गेलो. दार उघडंच होतं. आत दोन खाटा, एक पंखा, दोरीवर कपडे, कोपऱ्यात पुस्तकांचं खोकं आणि त्याला टेकून बसलेली गीतांजली. फ्रिजची जागा रिकामी, सोफ्याची जागा रिकामी. खोली मंगळवारपेक्षा मोठी वाटत होती. वच्छला जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. मला पाहिलं आणि सूप हातातून सुटलं.

"अवो बाप्पा! भाऊजी, सांगून याचं ना! असं कसं येता?" ती चिडली होती, चांगलीच. पदर डोक्यावर ओढून ती भिंतीकडे वळली. "घर कसं पडून हाये."

"वहिनी, मी पाहुणा म्हणून आलो नाही. यादी चुकली आहे, ती दुरुस्त करायची आहे."

पंजाबराव आतून आला, बनियनवर. त्यानं माझ्या हातातला कोरा फॉर्म पाहिला आणि सगळं समजला. खाटेवर बसला. मीही बसलो. वच्छलानं तशाही स्थितीत चहा टाकला, आणि चहाबरोबर गूळ-शेंगदाणे आणून ठेवले, त्याच लहान वाटीत.

मी वाचून दाखवलं. "पंखा एक. खाटा दोन. सायकल एक. गॅस एक. यादीतल्या सात वस्तूंपैकी एकही नाही. सही करा, पंजाबराव."

"नाई करत."

"कावून?"

"एकदा केली ना मी सही? आता म्हणू, मी खोटी केली?" तो माझ्याकडे पाहत नव्हता. "तुमी हे तिथं वाचून दाखवणार. दौलतराव तिथं बसतात. वीस वर्षांपूर्वी प्लांटमधल्या त्याईच्या शॉपमध्ये मी काम केलं. माझ्या घरी काईच नाई, हे त्याईच्यासमोर वाचाचं? काम करून करून हात गेला भाऊसाहेब, आणि घरात एक फ्रिज नाई, हे?"

"त्याच्यावरच तर पैसे मिळणार आहेत."

"मग नाई पाहिजे."

वच्छला गॅसकडे तोंड करून बसली होती. ती रडत होती का, मला दिसलं नाही.  फॉर्म बनवताना मी सात वस्तूंचा विचार केला होता, याचा केला नव्हता. मी घड्याळात पाहिलं. उद्या सभा, परवा शेवटची तारीख, आणि त्या खोलीत चौघंजण त्या एका सहीवर अडून बसलेले.

तेवढ्यात गीतांजली उठली, खाटेवरचा फॉर्म उचलला आणि खालची ओळ वाचली. "काकाजी, इथं लिहिलं आहे, कर्त्याची किंवा सज्ञान अर्जदाराची सही. मार्चमध्ये मले अठरा झाले."

ती ओळ मीच घातली होती, ज्यांना वडील नाहीत त्यांच्यासाठी. तिच्यासाठी नाही. पण ओळ होती.

"गीता, ठेव ते," पंजाबराव म्हणाला.

"बाबा, नाहीच आहे ना आपल्याकडे काही. तो इसमें शरम किस बात की?" तिनं माझं पेन उचललं. "तुमी बारा दिवस अस्पतालमध्ये होते, तेव्हा आईनं मंगळसूत्र ठेवलं. मले माहीत आहे. ते बी लिहा, काकाजी. लिहायला जागा असेल तर."

तिनं सही केली. इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, नाव सगळं. पंजाबराव उठून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवून तोंड धूत राहिला. मी तारीख घातली. जुन्या यादीवर आडवी रेघ मारून लिहिलं: नोंद चुकीची, पाहणाऱ्याची चूक. हे खरंच होतं, आणि सभेत मी तेच वाचलं.

मी फॉर्म पिशवीत घालत होतो, तर बाहेर गडबड ऐकू आली. कोणीतरी गल्लीच्या तोंडाशी माझी स्कूटर पाहिली होती. "मंडळवाले काकाजी आले हो! बिना बताए!" अशी हाक एका घरातून दुसऱ्या घरात गेली. कोणी म्हणालं, धोंडबाला उठवा. कोणी विचारत होतं, कूलर कुठं आहे? मला हसू आलं, खरं सांगतो. एवढी गल्ली एका पोरीसाठी धावत होती, आणि धावत होती ती नेमकी तिची फी बुडवायला.

मागचं दार ढकलून नीतू आली. धापा टाकत होती. दोन्ही हातांत निळ्या किनारीची ताटं, एकावर एक, हनुवटीपर्यंत, वर वाट्यांची चळत. दुकानात जायच्या गडबडीत होती, कुर्त्याची एक बाही वर, एक खाली. मला खाटेवर बसलेलं पाहून ती जागीच थांबली.

"परत ने ती," मी म्हटलं. "लागत नाहीत. गीतांजलीचं काम ताटांशिवाय होते."

तिनं गीतांजलीकडे पाहिलं. गीतांजलीनं मान हलवली. नीतूचा चेहरा क्षणभर खुलला, तिला खरंच आनंद झाला होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काकाजी," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, दुकानात भाव सांगावा तशी, "मग आमच्या घरी आले होते तेव्हा कावून नाई म्हटलं, परत ने म्हणून?"

मला तिचं पान तोंडपाठ होतं. तारीख, फ्रिज, चोच खरवडलेला पोपट, तिच्या बापाची सही, माझा शेरा. आणि फॉर्मातला वयाचा रकाना, एकवीसच्या आत, तोही मीच घातलेला; नीतूचं ते वय आता उलटून गेलं होतं.

"ताटं जड असतील," मी म्हटलं. "खाली ठेव, नीतू."

तिनं ठेवली नाहीत. तशीच हातात धरून उभी राहिली, माझ्या उत्तराची वाट पाहत.